हळद लागलेली चाकं

मैनाबाईने उभ्या जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती. नवऱ्याची नाही, सासूची नाही, आणि डाळमिलच्या शेठची तर नाहीच नाही. तीच मैनाबाई यंदा पोळा उलटल्यावर मिलच्या अंगणात सगळ्या बायांसमोर हात जोडून उभी राहिली आणि माझी चूक झाली म्हणाली. मॅनेजर सूर्यभान खुर्चीत बसून ऐकत होता. त्याने तिला तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणायला लावलं. का, तर मागच्या बायांना ऐकू गेलं नाही म्हणे. मागच्या बायांना चांगलं ऐकू गेलं होतं. त्या खाली बघत होत्या.

चूक कोणती, तर गाड्यांच्या चाकांना तेल-हळद लावल्याची. त्या तेलापायी माणिकबाईचा पाय चिरडला, असं मिलमध्ये सगळ्यांचं ठरलं होतं.

ही तुरीच्या डाळीची मिल अकोल्याच्या एमआयडीसीत आहे. डाळ भरलेले कट्टे वरच्या चौथऱ्यावरून खालच्या गोदामात न्यायचे, आणि मध्ये सिमेंटचा लांब उतार. कट्टे लोखंडी ट्रॉल्यांवर लादून बाया ते उतरवत. ट्रॉली हा ऑफिसातला शब्द, बायांच्या तोंडी त्या गाड्याच. गाडीची पुढची दोन चाकं नाकासमोर चालणारी, दांड्याजवळची दोन चौफेर फिरणारी, जाड रबराची, आणि या फिरत्या चाकांना पायाने दाबायचा ब्रेक. त्याला बाया खटका म्हणत. उतार संपतो तिथे गोदामाचं लोखंडी दार. दाराच्या जरा वर गाडी थांबवायची, पायाने खटका दाबायचा, दांडा सोडायचा आणि पुढे होऊन दाराची कडी काढायची. दिवसभर हेच काम. पायाला इतकी सवय झालेली की गप्पा मारता मारता खटका आपोआप दाबला जायचा.

हे खटके शेठने दया येऊन दिलेले नव्हते. आधीच्या गाड्या साध्या चाकांच्या होत्या. एक बाई दांडा धरायची आणि दुसरी हातात वीट घेऊन सोबत धावायची. गाडी थांबली की चाकाखाली वीट. वीट निसटली की कोणाचं नख जायचं, कोणाचं बोट. मैनाबाईने एका उन्हाळ्यात सगळ्या बाया उतारावर आडव्या बसवल्या आणि खटक्याची चाकं आल्याशिवाय कट्टा हलणार नाही म्हणून सांगितलं. सूर्यभान फार ओरडला. बायांना चाकातलं काय कळतं, इथपर्यंत त्याची मजल गेली. बाया उन्हात बसून राहिल्या. शेवटी नागपूरहून चाकं आली, आणि तेव्हापासून त्या चाकांवर मैनाबाईचा जीव जडला तो जडलाच.

मैनाबाई मूळची हिवरखेडची. घरी बैलजोडी होती तोवर पोळ्याच्या आदल्या दिवशी तिने खांदशेकणी चुकवली नाही. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला कोमट तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानाने शेकायचं आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पुढे बैल विकले, घर उठून अकोल्याला आलं. पण पोळा जवळ आला की तिचे हात शिवशिवायचे. मग खटक्याची चाकं आली त्या वर्षी तिने वाटीत तेल-हळद कालवली आणि गाड्यांचीच खांदशेकणी केली. आपलं ओझं आता याच वाहतात, तर मानही यांचाच, असं तिचं म्हणणं. माणिकबाई तिची जोडीदारीण, ती तेल्हाऱ्याची. तिने हसत हसत दांड्याशी तोंड नेऊन गाडीला आवतन दिलं आणि तो मिलचा रिवाजच होऊन बसला. दांड्याला हळद, चाकाच्या वरच्या लोखंडी पकडीला हळद, आणि पकडीला जुन्या लुगड्याची एक चिंधी. रबराला मात्र तेलाचं बोट लागू द्यायचं नाही, हे मैनाबाई दरवर्षी ओरडून सांगायची. यंदाची चिंधी तिच्या फाटक्या जांभळ्या लुगड्याची होती.

पोळ्याला मिल बंद होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी माणिकबाईची निघाली. मैनाबाई वर कट्ट्यांची तोंडं शिवत होती. खालून आधी दाराचा दणका ऐकू आला आणि मग माणिकबाईची किंकाळी. मैनाबाई धावत उतरली तेव्हा गाडी कलंडलेली, कट्टे फुटून उतारभर डाळ झालेली, आणि दाराला टेकून बसलेल्या माणिकबाईचा पाय घोट्यापासून भलतीकडेच वळलेला. त्या पायाशिवाय कोणालाच काही दिसलं नाही. बायांनी तिला उचलून टेम्पोत घातलं. मिलच्या बंडू मिस्त्रीने तेवढ्यात गाडी सरळ केली आणि ढकलत आत नेली.

सूर्यभान आला. त्याने दुसऱ्या एका गाडीच्या दांड्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि सगळ्यांना दाखवलं.

“ब्रेकले तेल पाजता,” तो म्हणाला, “आणि वरून गाडी काहून घसरली म्हणता.”

 मी रबराला लावत नाही, हे मैनाबाईच्या ओठांवर आलं होतं. पण यंदा लावताना वाटी जरा जास्तच भरली होती. एखादा थेंब ओघळला नसेल असं छातीवर हात ठेवून कोण सांगणार? जी बाई कधी स्वतःच्या शब्दाला अडखळली नाही ती तिथे गप्प राहिली, आणि सूर्यभानला तेवढंच हवं होतं. तेल लागलेल्या गाड्या धुवायला म्हणून त्याने दोन गाड्या मागच्या खोलीत कोंडून कुलूप घातलं. मग त्याने ऐकवलं की बायांच्या खुळापायी झालेल्या दुखण्याचा दवाखाना मिल कशाला करेल? तरी मैनाबाईने सगळ्यांसमोर चूक कबूल केली, तर माणिकबाईची जागा राखून ठेवायचा शब्द तो शेठकडे टाकेल. मैनाबाई अंगणात उभी राहिली ती एवढ्यासाठी. स्वतःसाठी तिने जीभ उचलली नसती.

दवाखान्यात मात्र ती गेली नाही. बाया एकदा जाऊन आल्या, तेव्हा माणिकबाई इंजेक्शनच्या गुंगीत होती. नंतर सूर्यभान म्हणाला, डॉक्टरने भेटायला मनाई केली आहे. मैनाबाईला ही मनाई उलट बरी वाटली, हे तिचं तिलाच ठाऊक. ज्या बाईसोबत अर्धं आयुष्य एका डब्यात जेवलो, तिच्यासमोर जाऊन काय म्हणायचं? की तुझा पाय मी हौसेपायी घालवला? भाकरी थापताना तिला स्वतःच्या हातांची शिसारी यायची. दोनदा घासले तरी हळदीचा वास जात नाही असं तिला वाटे.

अशात गणपती बसले. सूर्यभान नुसता मिलचा मॅनेजर नव्हता, आपल्या कॉलनीच्या गणेश मंडळाचा अध्यक्षही होता. आणि अध्यक्ष कसा, तर दरवर्षी पेपरात फोटो यावा असा. महाप्रसादाच्या दिवशी मिलच्या बायांना मोठ्या प्रेमाने बोलावणं असायचं, आणि त्या आल्या की त्यांच्या हातात पोळपाट-लाटणी दिली जायची. यंदाही बाया दुपारपासून पोळ्या लाटत होत्या. मैनाबाई आली होती ती पोळ्यांसाठी नाही. माणसापुढे मागितलेली माफी तिच्या मनाला लागली नव्हती, ती तिला देवापुढे मागायची होती.

यंदाचा देखावा म्हणजे पुठ्ठ्याची मोठी गुहा. आरती सुरू झाली की चौरंगासकट गणपती गुहेतून सरकत पुढे येई, घंटा वाजे आणि लेकरं टाळ्या पिटत. स्थापना झालेली मूर्ती हलवू नये म्हणतात, पण अध्यक्षांना फोटो हवा असला की शास्त्रही जरा बाजूला सरकून बसतं. संध्याकाळी आरती झाली. गणपती पुढे आला आणि चौरंगाच्या झालरीआडून बारीक आवाज झाला, खट. कोणाचं लक्ष गेलं नाही. मैनाबाईची मान मात्र वळली. तो आवाज तिच्या पायाच्या ओळखीचा होता. पण देवापुढे भलते विचार नकोत म्हणून तिने मन आवरलं आणि गर्दी जरा हटल्यावर पुढे होऊन जमिनीवर कपाळ टेकलं. देवा, माझ्या हातून झालं, तिच्या पायाचं बघ, एवढंच ती म्हणत होती.

डोळे उघडले तेव्हा तिचं तोंड चौरंगाच्या झालरीशी होतं. चौरंग सरकताना झालर एका बाजूने वर अडकून राहिली होती. तिच्यासमोर हातभर अंतरावर एक चाक होतं, जाड रबराचं, खटक्याचं. वरच्या पकडीच्या खाचेत हळद वाळून बसली होती, आणि पकडीला तिच्या फाटक्या लुगड्याची जांभळी चिंधी लोंबत होती. रबर मात्र कोरडं ठक्क होतं. तेलाचा एक ठिपका त्याच्यावर नव्हता.

मैनाबाई लगेच उठली नाही. मागच्या बायांना वाटलं, तिला रडू येत आहे. खरं तर तिच्या अंगाची नुसती लाही लाही होत होती, आणि हे सगळं डोक्यात नीट बसेपर्यंत तिला जमिनीचा आधार हवा होता. चौरंगाला चाकं चार, म्हणजे दोन गाड्यांची खटक्याची चाकं इथे होती. त्या गाड्यांना दुसरी कुठली तरी मुकाट लावून ठेवली होती, बिनखटक्याची. पोळ्याच्या सुटीत. कोणाला न सांगता. आणि पहिली गाडी माणिकबाईची होती.

ती उठली आणि तिने आधी बंडू मिस्त्रीला गाठलं. तो प्रसादाच्या पातेल्यापाशी उभा होता. तिने त्याचं मनगट धरून त्याला चौरंगापाशी आणलं आणि झालर पार वर उचलली.

“बंडू, हे चाक कोणाच्या गाडीचं हाय?”

बंडूने आधी सूर्यभानकडे पाहिलं, मग चाकाकडे, आणि चिंधी दिसल्यावर त्याची मान खाली गेली.

“माणिकमावशीच्या,” तो म्हणाला. “सायबानं काढाले लावली. इसर्जन झालं का परत लावून देऊ म्हणे. तुमाले सांगू नको म्हणे.”

 पोळ्या लाटणाऱ्या बाया पिठाचे हात घेऊन उठून आल्या. सूर्यभान घाईघाईने पुढे झाला आणि हसतच म्हणाला की हे मिलमधलं बोलणं मिलमध्ये करू, इथे देवाचं काम चाललं आहे. त्याचं ते हसणं पाहून मैनाबाईची उरलीसुरली भीड गेली. इतकी वर्षं त्याला अहोजाहो करणारी बाई तू-वर आली.

“देवाचं काम? देवानं मागतली होती का चाकं? मले गुहेतून बाहेर याचं हाय, माणिकबाईच्या पायातला खटका काढून आण, असं गणपती म्हटला का तुले?”

सूर्यभान म्हणाला की चार दिवसांचा प्रश्न होता, चाकं काही त्याने स्वतःच्या घरी नेली नव्हती.

“घरी नेली असती तं चोर म्हटलं असतं अन् सोडून देलं असतं,” मैनाबाई म्हणाली. “तुले तं पहिल्या दिवशीच मालूम होतं. तिचा पाय मोडलेला पाह्यला, अन् तू माह्या हळदीचा वास घेत बसला. मले सगळ्याइसमोर हात जोडाले लावले. मागच्या बायाइले ऐकू नाई गेलं म्हणून दुसऱ्यांदा बोलाले लावलं. आता तू बोल. अन् मोठ्यानं बोल, मागे लय लोक हायत.”

 सूर्यभानचं तोंड इतकंसं झालं होतं. मैनाबाईने चाकं आत्ताच्या आत्ता काढून मागितली, तेव्हा मात्र मंडळाची दोन-तीन पोरं मध्ये पडली. स्थापना झालेला देव हलवायचा नसतो, अपशकुन होतो, असं ती म्हणू लागली. रोज दोन वेळा देवाला गाडीसारखं ढकलताना यांचा शकुन कुठे गेला होता, कोण जाणे.

पुढच्या खुर्चीत सूर्यभानची आई बसली होती, चतुराबाई. म्हातारीला कमी दिसायचं, पण कान शाबूत होते. ती काठी टेकत उठली.

“देव काहाले हालवता? खालचे चाकं काढा,” ती म्हणाली. “देव इटाइवर बसन. त्याले सवय हाय. सूर्यभान, तू सोता इटा आण.”

सूर्यभानने विटा आणल्या. कॉलनीत नव्या घराचं काम चाललं होतं, तिथून तो छातीशी धरून घेऊन आला आणि त्याच्या पांढऱ्या झब्ब्याला लाल भुकटी लागली. बंडूने जॅक लावून चौरंग हळूच उचलला, खाली विटा रचल्या आणि एकेक चाक खोलून मैनाबाईच्या हातात दिलं. देव तसूभरही कलला नाही. शेवटचं चाक देताना बंडूच्या डोळ्यांत पाणी होतं. मैनाबाईने चाक घेतलं आणि पाठ फिरवली. त्याला माफ करायला तिचं मन अजून तयार नव्हतं. बायांनी चाकं पदरात घेतली आणि न जेवता निघाल्या. लाटलेल्या पोळ्या परातीत तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाई दवाखान्यात गेली. पिशवीत जांभळ्या चिंधीचं चाक होतं. रात्रभर तिने मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं, कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. शेठच्या कानावर सगळं घातलं होतं, आणि माणिकबाईचा दवाखाना मिलने केल्याशिवाय आज एकही बाई उतारावर पाय ठेवणार नव्हती. बातमी चांगली होती. दारावरच्या नर्सला तिने भीतभीत विचारलं की डॉक्टरची मनाई उठली का. कसली मनाई, भेटायची वेळ तर रोजचीच आहे, असं म्हणून नर्स आपल्या कामाला निघून गेली.

माणिकबाईचा पाय गुडघ्यापर्यंत पट्ट्यांत होता. तोंड उतरलं होतं, पण मैनाबाईला पाहिल्यावर ती उशीवर जरा वर सरकली. मैनाबाईने पिशवीतून चाक काढलं आणि खाटेवर तिच्यापुढे ठेवलं.

“तेलानं नाई झालं वं,” ती म्हणाली.

“तेलाचं कोण म्हटलं?” माणिकबाईने विचारलं.

 माणिकबाई छताकडे बघत सावकाश बोलू लागली.

“पाय टाकला तं खटकाच नव्हता. हात तं सुटला होता. गाडी दारावर आपटन, शिवलेले कट्टे फुटतीन, म्हणून आडवी झाली. सायेब आले तवा मी त्याइले सांगतलं का गाडीले खटकाच नाई. ते केळं ठेवून निघून गेले.”

“मंग तू कोणालेच नाई सांगतलं?”

“सांगाले कोणी इचारलं तं पायजे. बाया आल्या तवा मले सुध नव्हती. मंग कोणी आलंच नाई.” माणिकबाईने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “मी रोज दाराकडे पाहो. मले वाटे, दुसरं कोणी नाई तं मैना तं येईनच. तू बी नाई आली.”

मैनाबाई खाटेच्या कडेवर बसली. काल मंडपभर माणसांसमोर तिच्या तोंडाला खळ नव्हता. सूर्यभानला तिने फैलावर घेतलं, बंडूवर अजून राग धरून होती, खोटी मनाई ऐकून आत्ता दारातसुद्धा तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. पण मनाई खोटी असली तरी ती ऐकून हायसं वाटलेली बाई खरी होती. एक पाय चिरडलेला, आणि जिचा पाय तिलाच सोडून सगळ्या मिलने कारण ठरवलं होतं. त्यात ती स्वतःही होती. एकदा येऊन विचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी सगळं कळलं असतं. तिने माणिकबाईचा हात धरला आणि धरून ठेवला.

माणिकबाईने हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने तिने चाक पोटावर ओढून घेतलं आणि अंगठ्याने खटका दाबला. तो खट करून बसला. तिने तो उचलला, परत दाबला.

“माह्याच गाडीचं हाय,” ती म्हणाली.